बेपत्ता पाणी

३ जून

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी आधीच कबूल करते.

तुझा पत्ता कसा मिळाला ते सांगते. आमच्या खात्यात बोअरच्या नोंदींचे कागद येतात. किती फुटांवर माती, किती फुटांवर मुरूम, कुठे काळा दगड, पाणी कुठे लागलं, असं सगळं. मागच्या महिन्यात असाच एक गठ्ठा चाळत होते आणि एका कागदावर हात थांबला. ‘एकशे दहा फुटांवर ओल, एकशे चाळीसला पाणी, चव गोडसर.’ सरकारी कागदात पाण्याची चव कोण लिहितं? आणि तो मागे रेललेला ‘ल’. खाली बोअर मारणाऱ्याची सही आणि पत्ता. बावीस वर्षांनी तू मला एकशे चाळीस फुटांवर सापडलास.

म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यात. मी वरचं पाणी मोजते, तू खालचं शोधतोस.

आता कामाचं. आपल्या नदीवर, बाबा पातळी वाचायचे त्या केंद्राच्या चार किलोमीटर खाली, धरण होणार आहे. मातीचं. त्यातून शहराला प्यायचं पाणी, दोन कालवे आणि पायथ्याशी छोटं वीजघर. धरण भरल्यावर जास्तीचं पाणी सोडायला सांडवा लागतो, त्याचं गणित माझ्या टेबलावर आहे. तो किती मोठा ठेवायचा हे नदीला आजवर आलेल्या पुरांवरून ठरतं. आणि तिथला आजवरचा सगळ्यात मोठा पाऊस झाला तो त्या दिवशी. तू गेलास त्या दिवशी.

तिथेच माझं गाडं अडलंय. पाणी नाहीसं होत नाही, हे तुला मी काय सांगू. आभाळातून पडलं की त्याला तीनच वाटा. जमिनीत मुरायचं, वाफ होऊन परत वर जायचं, नाहीतर उतार धरून नदीला लागायचं. त्या दिवशी आपल्या नदीच्या पाणलोटात, म्हणजे ज्या मुलखाचं पाणी वाहत वाहत तिच्यात येतं त्या तीनशे चाळीस चौरस किलोमीटरवर, सरासरी दोनशे बारा मिलिमीटर पाऊस पडला. तीन गावांतले पर्जन्यमापक तेच सांगतात. हे झालं बहात्तर दशलक्ष घनमीटर पाणी. बाबांच्या वहीप्रमाणे नदीतून गेलं फक्त एकतीस. आधीचे पंधरा दिवस झड लागलेली, जमीन टच्च भिजलेली, ऊन नाही, त्यामुळे वाफ नाही. वीस मुरलं, खड्ड्याखुड्ड्यांत साठलं असं धरलं तरी वीस-एकवीस दशलक्ष घनमीटर पाणी बेपत्ता आहे!

बाबांच्या वहीत त्या दिवशी बारा ते सहा दर तासाचे पातळीचे आकडे, मीटरमध्ये, असे आहेत: ४.२०, ४.२०, ४.३०, ४.२०, ४.२०, ४.३०, ४.२०. पुराचं पाणी असं सरकारी नोकरासारखं एका जागी बसून राहत नाही.

तू त्या दुपारपर्यंत गावात होतास. नदी पाहिलीस का? पाणी कुठवर आलं होतं? केंद्राच्या पायऱ्या, पंपघराची भिंत, काहीही आठवत असेल तर कळव.

बाबांची तब्येत ठीक आहे. ते माझ्याकडेच असतात. तुझी आठवण काढतात. आईच्या शेवटच्या दिवसांत तू आला नाहीस, पण तो विषय या पत्रात नको.

ताई


१९ जून

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज टपालाची पेटी बघते. हो, माझ्या वयाची बाई आणि टपालाची पेटी!

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. बाबा तुझी आठवण काढतात असं. बावीस वर्षांत त्यांनी तुझं नाव उच्चारलेलं नाही. मी उच्चारलं तर उठून बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातात. त्यांच्या कुंड्या कायम चिखलात असतात त्याचं हेच कारण.

त्या दिवसाबद्दल मला माहीत आहे ते सगळं आईकडून ऐकलेलं. मी तेव्हा नोकरीच्या गावी होते. शेवटचं वर्ष बाकी असताना तू इंजिनिअरिंग सोडलंस, बोअरच्या गाडीवर जायचं म्हणालास. बाबा म्हणाले, “जबाबदारीचं एक काम तुझ्या हातून व्हायचं नाही.” तू पिशवी उचललीस. बाबा ड्युटीवर गेले. मग पूर आला, बाबांनी वेळेवर फोन करून खालच्या शहराला सावध केलं, नदीकाठच्या वस्तीतली दोनशे घरं वेळेत रिकामी झाली, एकही माणूस गेला नाही. त्याचं प्रशस्तिपत्र आमच्याकडे रेडिओच्या वर टांगलेलं आहे. ही आपल्या घरातली गोष्ट. मी ती शंभर जणांना तरी सांगितली असेल.

पण बघ, ४.२० ला कोणी शहर रिकामं करायला फोन करत नाही. धोक्याची खूणच मुळी सहा मीटरवर आहे. इतकी वर्षं ते प्रशस्तिपत्र मी रोज पुसते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाबांना विचारलं. दाढी करत होते. “वहीत आहे तेच,” म्हणाले, आणि आरशात स्वतःकडे न बघता दाढी पुरी केली. हनुवटीला कापून घेतलं.

आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नाहीत, निवृत्तीला आलेत. म्हणाले, “मॅडम, ते एक वर्ष गाळून टाका ना. पस्तीस वर्षांची नोंद आहे. एकाने काय बिघडतंय? आणि तुमच्याच वडिलांचं अक्षर, कशाला उकरता?”

काय बिघडतंय ते मी तीन दिवस मांडत बसले होते. ते वर्ष गाळलं तर सांडव्याला पाच दरवाजे पुरतात. त्या दिवशीचं पावसाचं पाणी खरं धरलं तर पाच पुरत नाहीत. मातीच्या धरणावरून पाणी एकदा पलीकडे सांडायला लागलं की ते भराव कापत जातं, मग थांबवता येत नाही. खाली आता दोनशे घरं नाहीत, चार हजार आहेत. एक दवाखाना आहे. तसा पाऊस पुन्हा कधी होईल? पुढच्या वर्षी, नाहीतर शंभर वर्षांनी. माझ्या हयातीत कदाचित नाहीच. सही मात्र माझीच असेल.

१६ जुलैला समितीची बैठक आहे. नुसतं ‘पाणी जुळत नाही’ म्हणून समिती ऐकणार नाही. त्यांना आकडा लागतो, आणि तो पाहणारा माणूस लागतो.

रागावलेला असशील तर राहा रागावलेला. आकडा तेवढा पाठव.

ताई


४ जुलै

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं. ऑफिसात उघडलं आणि मग जिन्यात जाऊन बसले.

तू लिहिलेलं पुन्हा इथे उतरवते, कारण ते मला अजून खरं वाटत नाही.

‘ताई, वहीचं पान पाठवतोय, परत पाठव. बारा वाजता मी केंद्रावर गेलो. बाबांना सांगून निघावं असं वाटलं होतं. खोलीला कुलूप, बाबा नाहीत. किल्ली नेहमीच्या जागी होती. पाणी सहा नव्वदवर. पातळी मोजायच्या खालच्या पट्ट्या बुडाल्या होत्या, वरच्या पायरीवरच्या पट्टीवर आकडा वाचला. फोन लावला. आवाज जाड करून केंद्राचं नाव सांगितलं आणि म्हटलं, वस्ती उठवा. तीनदा केला. पाच वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला वाचत बसलो. सरकारी वहीत दुसऱ्याने हात घालायचा नाही ही बाबांचीच शिकवण, म्हणून माझ्या वहीत लिहिलं. ते आले नाहीत. पाणी उतरायला लागल्यावर टेकडीवरून चालत निघालो. महिन्याने पेपरात त्यांचा फोटो बघितला, प्रशस्तिपत्र घेताना. मग यायला काही कारण उरलं नाही.’

आणि ते पान. बारा वाजता ६.९०. साडेबाराला ७.३५. दोनला ७.८०, त्याच्यापुढे तू लिहिलंयस, ‘इथे थांबलं’. पाच वाजता ५.१०. शाई पसरलीय, पण प्रत्येक आकडा वाचता येतो.

म्हणजे बावीस वर्षं तुला वाटत होतं की बाबा घाबरून पळाले आणि वर तुझं श्रेय घेतलं. आणि हे तू कुणालाही सांगितलं नाहीस. पेपरवाल्याला नाही, आईला नाही, मला नाही. असा कसा रे तू?

आता लिहवत नाही. बाबांशी बोलून लिहीन.

ताई


७ जुलै

धाकट्या,

बोलले.

दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसले होते. मी तुझं पान त्यांच्या हातात दिलं आणि समोर स्टुलावर बसले. चष्मा लावून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा एकदा.

“सात ऐंशी,” म्हणाले. “बरोबर आहे. गाळ तिथपर्यंतच होता.”

“तुम्ही पाहिला होतात गाळ?”

“मी धुतल्या ना पायऱ्या. बादलीने.”

मी ताड्कन उठणार होते. पण ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मी बसूनच राहिले.

“कुठे होतात तुम्ही, बाबा?”

“बसस्टँडवर.”

अकराचं वाचन घेतलं तेव्हा नदी साडेतीन मीटरच्या आसपास होती. त्यांना वाटलं, तासाभरात जाऊन येऊ. तू बसने जाणार हे त्यांनी धरून चाललं होतं. स्टँडवर गेले तर तू नाहीस. तेवढ्यात रस्त्यावर पाणी आलं, बसच येईना.

“मला वाटलं, बस आली नाही म्हणजे तो अजून गेला नाही. कधीतरी इथे येईलच. इकडून मी उठून गेलो आणि तिकडून तो आला, असं नको व्हायला.”

“सहा तास?”

“हो.”

“काय बोलणार होतात त्याच्याशी?”

“तेच ठरवत बसलो होतो,” म्हणाले.

तू त्यांच्या खोलीत बसून त्यांची वाट बघत होतास आणि ते तुझ्या स्टँडवर बसून तुझी. मधे दीड किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर कमरेएवढं पाणी.

सहा वाजता ते परत आले. नदी ४.२० वर उतरली होती. पायऱ्यांवरचा गाळ बघून काय होऊन गेलंय ते त्यांना कळलं. खरं लिहिलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता की तुम्ही कुठे होतात, शहराला का कळवलं नाही. वस्ती वाहून गेली असेल असं धरूनच त्यांनी तो रकाना भरला. समोर दिसत होता तोच आकडा वरपासून खालपर्यंत, मधेमधे एखादा ४.३०, खरा वाटावा म्हणून. मग पायऱ्या धुतल्या.

“आणि फोन कोणी केला ते कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. खालच्या शहरातल्या ऑफिसातला माणूस आभार मानायला फोनवर आला. म्हणाला, काय साहेब, काल तुमचा आवाज फार कोवळा वाटत होता, भिजला होतात की काय?” बाबा थोडं हसले. मग हसू राहिलं नाही. “किल्ली कुठे असते ते दोघांनाच माहीत होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“त्या दिवशी सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. मग ते प्रशस्तिपत्र आलं, फोटो काढायला माणसं आली. तुझी आई किती खूश होती. एकदा चुकलेला आकडा पुढच्या पानावर गेला की पुढची सगळी पानं चुकतात. तुला माहीतच आहे.”

मी विचारलं, समितीपुढे हे सांगाल का. नाही म्हणालात तरी मी पान दाखवणार आहे, हेही सांगितलं. आवाज माझाच चढला होता.

ते म्हणाले, “शर्ट कुठला घालू?”

ताई


१८ जुलै

धाकट्या,

बैठक परवा झाली. सविस्तर सांगते, कारण तुझं पान तिथे होतं आणि तू नव्हतास.

लांब टेबल, नऊ माणसं, चहाचे कप. बाबांना बसायला खुर्ची दिली होती, पण ते उभेच राहिले. म्हणाले, “त्या दिवसाचे दुपारचे आकडे मी मनाने भरलेत. मी केंद्रावर नव्हतो. पाणी माझ्या मुलाने वाचलं आणि शहराला फोनही त्यानेच केला. माझं प्रशस्तिपत्र परत आणलंय.” आणि खाकी पाकिटातून ते काढून टेबलावर ठेवलं. चौकटीतून सोडवताना त्यांनी कुणालाही हात लावू दिला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, “आजोबा, आता इतक्या वर्षांनी एका मुलाच्या वहीवर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?”

इथे माझी पाळी होती. मी तुझे आकडे घालून हिशेब मांडला होता. तासातासाला पातळी, पातळीवरून विसर्ग, त्याची दिवसाची बेरीज. बावन्न दशलक्ष घनमीटर. पाऊस बहात्तर. उरलं वीस, जे भिजलेल्या रानात, तळ्यांत, शेताच्या बांधांत सहज मावतं. शेजारच्या दोन नद्यांवर त्याच दिवशी पावसाचा जेवढा हिस्सा नदीला लागला, तेवढाच इथेही लागला. मी म्हटलं, “एकवीस वर्षांच्या मुलाला बसल्या जागी इतकं चोख खोटं रचता येत नाही. तीन गावांचा पाऊस त्याला माहीतच नव्हता.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “मीही तपासलंय. बरोबर आहे.” त्यांनी केव्हा तपासलं कोण जाणे. पण त्या एका वाक्यासाठी त्यांचे सगळे ‘गाळून टाका’ मी माफ केले.

सांडव्याला आठ दरवाजे मंजूर झाले. नोंद दुरुस्त करायचा आदेश निघाला. नव्या नोंदीत ‘वाचन करणारा’ असा रकाना असतो. कारकुनाने विचारलं, इथे काय लिहू? बाबांनी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि त्याने लिहिलेलं वाकून तपासलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

आता माझा रकाना. बाबांनी कबूल केलं आणि मी गप्प राहिले असं नको.

आई आजारी होती तेव्हा तुझं एक कार्ड आलं होतं, पत्त्यासकट. ते माझ्या हातात पडलं. मी तीन आठवडे तुला काही कळवलं नाही. म्हटलं, एवढा ताठा आहे तर बसू दे. आई इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं. मग जे पत्र पाठवलं ते तू ती जागा सोडून गेल्यावर पोचलं असणार, कारण ते परत आलं. ‘तो आला नाही’ असं मी सगळ्यांना सांगितलं, पहिल्या पत्रात तुलाही लिहिलं. तू आला नाहीस कारण मी तुला बोलावलं नाही. आई रोज विचारायची आणि मी रोज तिला सांगायची की पत्ता माहीत नाही.

यावर तू काय म्हणशील ते म्हण. काहीच म्हणाला नाहीस तरी माझी तक्रार नाही.

शाळेत आपल्याला जलचक्र शिकवताना फळ्यावर गोल बाण काढायचे, आठवतं? समुद्र, ढग, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र. त्या बाणांवर वेळ कोणी लिहीत नाही. आभाळात गेलेलं पाणी आठ-दहा दिवसांत खाली येतं. तुझ्या बोअरला लागतं ते कधीकधी हजार वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं असतं. दोन्ही पाणीच. हल्ली काम करता करता असले विचार येतात आणि गणित चुकतं.

तुझं पान नोंदणीकृत टपालाने परत पाठवतेय. एक प्रत बाबांनी ठेवून घेतली.

ताई


२ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. माझ्याबद्दल तू लिहिलेल्या दोन ओळी मी कुणाला दाखवणार नाही. त्या मला पुरेशा आहेत.

बाबांसाठीची ओळ त्यांना वाचून दाखवली. ‘ते स्टँडवर होते हे मला माहीत नव्हतं.’ एवढंच. त्यांनी कार्ड मागून घेतलं, स्वतः वाचलं, आणि कुंड्यांकडे गेले. पण पाणी न घालता नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने आत येऊन विचारलं, “त्याच्या गावाला गाडी जाते का?”

तर आता नीट वाच. येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला तुझ्या स्टेशनवर गाडी पोचते. एकटेच येताहेत. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले. तुला हरकत असेल तर तार कर, म्हणजे मी थांबवीन. पण करू नकोस.

किती दिवस राहतील ते मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. सोबत एकच पिशवी आहे. गोळ्या तिच्या बाहेरच्या कप्प्यात, सकाळी एक आणि रात्री अर्धी. बोअर मारताना बघायचं आहे म्हणतात, गाडीच्या फार जवळ जाऊ देऊ नकोस, दगडाची खडी उडते. दमले तरी सांगणार नाहीत.

त्यांना एकच धास्ती आहे, की तू ओळखू येणार नाहीस. तू एकवीसचा होतास तसाच त्यांच्या डोळ्यांपुढे आहेस. मी म्हटलं, आता त्याचे केसही पिकले असतील.

गाडीतून उतरल्यावर ते फलाटावर इकडेतिकडे बघत उभे राहतील. तू लांबून बघत थांबू नकोस. जवळ जाऊन हाक मार. उजव्या बाजूने मार, डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.

ताई